गाडीतली नवी फीचर्स: कामाची किती आणि मिरवायची किती?

बिनक्लचचा

नमस्कार मंडळी,

घरात नवी गाडी घ्यायचं चाललंय त्यामुळे सध्या रविवार म्हणजे शोरूम पालथी घालणे. बजेट पंधरा-सोळा लाख, वापर म्हणजे रोज पुण्यात ऑफिस, मधून मधून साताऱ्याला आईबाबांकडे आणि गणपतीला कोकण. आता गंमत अशी की कुठल्याही शोरूममध्ये जा, सेल्सचा पोरगा इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक याबद्दल चकार शब्द काढत नाही. "सर पॅनोरमिक सनरूफ आहे, अँबियंट लाईट आहे, थ्री सिक्स्टी कॅमेरा, लेव्हल टू एडास, आणि नुसतं बोललात तरी सनरूफ उघडतं." (एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून गाडीने स्वतः ब्रेक मारायचा, लेनमध्ये ठेवायची वगैरे.) मी विचारलं मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहे का ड्रम, तर तो विचारून येतो म्हणून आत गेला आणि कॉफी घेऊन आला.

मधल्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आहे. टॉप घेतलं तर वरचे सगळे लाड मिळतात पण ऑन रोड तीनेक लाख जास्त. शिवाय टॉपमध्ये एसीची बटणंच काढून टाकलीयेत, सगळं स्क्रीनवर. टेस्ट ड्राइव्हला फॅन कमी करायला गेलो तर आधी गाण्याचा स्क्रीन बंद करा, मग एसीचं पान उघडा, मग बोटाने ती पट्टी सरकवा, आणि रस्ता खराब असला की बोट नेमकं भलत्याच ठिकाणी पडतं. बायको शेजारी बसून म्हणाली समोर बघ.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे फीचर माझी नजर रस्त्यावरून काढतं किंवा नजर काढली तरी चालेल असं मला वाटायला लावतं त्याला सेफ्टी फीचर का म्हणायचं? एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं), ईएससी, एअरबॅग गुपचूप बसलेली असतात, वेळ आली की काम करतात, त्यांच्याबद्दल वादच नाही. बाकीच्यांबद्दल मला दाट शंका आहे. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी लिहा, यूट्यूबचे रिव्ह्यू बघून झालेत.

कोपरखळी

सनरूफचा उपयोग माहीत नाही असं कसं? पोरांना त्यातून अर्धं बाहेर काढून उभं करायचं, एक्सप्रेसवेवर, ऐंशीच्या स्पीडने, आणि खाली आईने व्हिडिओ काढायचा. त्यासाठीच तर लाखभर जास्त मोजतात लोक.

शेवटचा_थांबा

स्क्रीनच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत आणि हे आपलं जुन्या लोकांचं कुरकुरणं नाहीये, मोजून झालंय. स्वीडनमधल्या 'वी बिलॅगारे' नावाच्या गाड्यांच्या मासिकाने २०२२ मध्ये एक साधी चाचणी घेतली. अकरा नव्या गाड्या आणि जोडीला २००५ सालची एक जुनी व्होल्वो, स्पीड ११० आणि चालवताना चार साधी कामं करायची, सीट गरम करा, रेडिओ लावा वगैरे. जुन्या व्होल्वोत बटणं होती, १० सेकंदांत सगळं झालं. सगळ्यात वाईट निघालेल्या स्क्रीनवाल्या गाडीला ४४.६ सेकंद लागले, तेवढ्या वेळात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती. आणि ड्रायव्हरना आधी गाडीची सवय करून घ्यायला वेळ दिलेला होता बरं का.

आता युरो एनकॅपनेच (गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणारी युरोपातली संस्था) २०२६ पासून ठरवलंय की इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (अडचणीत मदत बोलावणारं) यांना धड बटण किंवा दांडी नसेल तर पूर्ण स्टार मिळणं अवघड. मग आपल्याकडे अजून स्क्रीनचे इंच का मोजतायत कळत नाही. बहुतेक बटणं बनवण्यापेक्षा एक मोठी स्क्रीन चिकटवणं स्वस्त पडतं, आणि फोटोत भारी दिसतं.

ऐरोलीचा

धागाकर्ते, तुम्ही एडासला उगाच त्याच टोपलीत टाकताय. माझ्या गाडीत आहे. एक्सप्रेसवेवर पुढची टेम्पो ट्रॅव्हलर कचकन थांबली, मी आरशात बघत होतो, माझा पाय पोचायच्या आधी गाडीने ब्रेक मारला. समोरच्याच्या बंपरच्या वीतभर अलीकडे थांबलो. त्या दिवसानंतर कोणी काही म्हणो, मी तरी एडासशिवाय गाडी घेणार नाही. तीन लाख जास्त वाटत असतील तर एकदा बॉडीशॉपचं बिल बघून या, हॉस्पिटलचं सोडाच.

घाटउतार

@ऐरोलीचा, एक्सप्रेसवेवर ठीक आहे हो. तिथे पट्टे रंगवलेले, मध्ये डिव्हायडर, समोरून कोणी येत नाही. माझ्या मेव्हण्याची गाडी घेऊन कराडच्या आतल्या रस्त्यांनी गेलो तेव्हाचं सांगतो. गाळप हंगाम, समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. ओव्हरटेकला बाहेर काढली, मागे कोणी नाही म्हणून इंडिकेटर दिला नाही, तर स्टिअरिंग मला परत ट्रॉलीकडे ओढायला लागलं, कारण त्याच्या मते मी लेन सोडत होतो. जोर फार नसतो, हाताने मोडता येतो, पण त्या क्षणाला समोर ट्रॉली, बाजूला साईडपट्टी आणि गाडी आपल्याशीच भांडतेय म्हटल्यावर घाम फुटतो. इंडिकेटर द्यायला हवा होता म्हणाल, मान्य, पण मग आधी देशभराला इंडिकेटर शिकवा आणि मग हे विका.

पुढे अजून एका ठिकाणी रस्ता रुंद करताना जुने पट्टे तसेच ठेवून नवे मारलेत. गाडीला कुठले पट्टे खरे ते कळेना. शेवटी मेव्हण्याला विचारून ते लेनवालं बंदच केलं. बरं बंद केलं तरी गाडी पुन्हा सुरू केली की ते पुन्हा चालू. म्हणजे रोज निघताना आधी देवाला नमस्कार, मग स्क्रीनमध्ये शिरून ते बंद.

आणि मुख्य भीती मला वेगळीच आहे. रात्री रस्त्यात बंद पडलेली, लाईट नाही रिफ्लेक्टर नाही अशी उसाची ट्रॉली. आपल्याकडे किती माणसं अशी गेलीत हे या भागातल्या कोणालाही विचारा. मी मॅन्युअल उघडून वाचलं, त्यात सरळ लिहिलंय की थांबलेली वाहनं, वेड्यावाकड्या आकाराची वाहनं, अंधार, पाऊस अशा वेळी सिस्टिम ओळखेलच असं नाही. म्हणजे जिथे माझे डोळे कमी पडतात नेमकं तिथेच हिचेही कमी पडणार.

ग्रीसचेहात

मी गॅरेजवाला आहे, त्यामुळे मला फीचर दिसतात ती बिघडल्यावरच. चार गोष्टी सांगतो ज्या शोरूमवाला सांगत नाही.

एडासचा कॅमेरा आरशाच्या मागे पुढच्या काचेला असतो आणि रडार बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपर-ग्रिलच्या मागे. काच फुटली आणि बदलली की नुसती काच बसवून भागत नाही, कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवावा लागतो. ते मशीन आमच्यासारख्याकडे नसतं, कंपनीच्या वर्कशॉपातच जावं लागतं आणि तिथेही सगळीकडे असेलच असं नाही. बाहेर स्वस्तात काच टाकून घेतात, कॅमेरा जरासा तिरका बसतो, डॅशवर लाईट पण येत नाही, आणि मालक म्हणतो गाडी उगाचच ब्रेक मारते. इन्शुरन्सवाल्याला आधी विचारून ठेवा कॅलिब्रेशनचे पैसे क्लेममध्ये धरतात का.

बंपरचंही तेच. पुढे लोखंडी गार्ड लावून आणतात. एक तर ते २०१७ पासून बेकायदा आहे, त्यात रडारसमोर लोखंड, वर एअरबॅगच्या सेन्सरला धक्का कळायचा तो उशिरा कळणार किंवा कळणारच नाही. सहा एअरबॅगची गाडी घेऊन पुढे तो पिंजरा लावणाऱ्याला काय बोलायचं.

सीट कव्हर. साईड एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेत असते, तिथे एअरबॅगची खूण शिवलेली असते बघा. त्यावरून जाड रेक्झिनचं कव्हर चढवलं की ती बॅग फुटणार कुठून? तिच्यासाठी शिवण मोकळी सोडलेली कव्हरं मिळतात, ती घ्या.

चौथं डॅशबोर्डवरचा गणपती. बाप्पावर श्रद्धा माझीही आहे पण डाव्या बाजूला पॅनेलवर एअरबॅग असं कोरलेलं असतं, नेमकी तिथे टेप लावून मूर्ती बसवतात. ती बॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते, मूर्ती बंदुकीच्या गोळीसारखी शेजारच्याच्या तोंडावर येईल. बाप्पाला मध्यभागी खाली बसवा, तिथूनही त्याला सगळं दिसतं.

तिखटजाळ

ग्रीसभाऊ, शेवटचं वाक्य 😂 पण मुद्दा पटला, आजच आमची मूर्ती हलवते.

यात अजून एक घाला, लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसणारे. एअरबॅग मोठ्या माणसाला आणि तेही बेल्ट लावलेल्याला धरून बनवलेली असते. वाशीला डिसेंबर २०२४ मध्ये पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा गेला, एअरबॅगच्या दणक्याने, धडक तशी जीव जावा एवढी मोठी नव्हती. मूल मागे, चाइल्ड सीटमध्ये, बास. पण आमच्या नातेवाइकांमध्ये गाडीला तीन लाखांची फीचर्स घेणारे आहेत आणि पाच-सात हजारांची चाइल्ड सीट म्हटलं की "आम्ही नाही का वाढलो असेच".

वऱ्हाडी_ब्रेक

नागपूरहून लिहून राहिलो. समृद्धीवर एडास कामाचं आहे भाऊ, माझं स्पष्ट मत. सातशे एक किलोमीटरचा सरळसोट रस्ता, कारला १२० ची लिमिट, मधात ना गाव ना टपरी, डोळा लागतोच. क्रूझ (गाडीच स्पीड धरून ठेवते ते) लावून अंतर ठेवलं की पाय मोकळा होते. पण इथेच गोम आहे, पाय मोकळा झाला की मेंदू पण मोकळा होते. अलार्म वाजवून 'स्टिअरिंग धरा' म्हणते गाडी, तर लोकं स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून ठेवतेत! मी डोळ्यानं पाहिलं, ड्रायव्हर मांडीवर डबा घेऊन खात होता.

आन् त्या स्पीडच्या बीपचं काय करावं? २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत ८० च्या वर थोड्या थोड्या वेळानं आणि १२० च्या वर सलग वाजते. समृद्धीवर नियमात चालवली तरी नागपूर ते शिर्डी बीप बीप ऐकत जा. शेवटी कान मरते त्याला. मग खरंच काही इशारा वाजला तरी तो त्यातलाच वाटते. जिथं ८० धोक्याचं आहे तिथं वाजवा ना, आमच्या गल्लीत ४० नं येतेत तिथं चूप राहते ते.

बाकी एक चांगलं पण सांगतो. आमच्या महानगरपालिकेच्या बसमध्ये २०२१ मध्ये आयरास्ते म्हणून प्रकल्प सुरू झाला, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीएसआयआरची रस्ता संशोधन संस्था मिळून केलेला. बसमध्ये कॅमेरा, समोर काही आलं की ड्रायव्हरला इशारा. गाडी स्वतः काही करत नाही. पण इशारे जिथं सारखे सारखे येतेत ती जागा नकाशावर नोंदवतेत, म्हणजे अपघात व्हायच्या आधीच कळते की हा चौक वाईट आहे, मग रस्ता दुरुस्त करा. हे मला पटते. एका माणसाच्या गाडीत तीन लाखांचं यंत्र बसवून तो एकटा वाचते, चौक दुरुस्त केला तर सायकलवाला पण वाचते.

ऐरोलीचा

बाटली लावणारे कुठल्याही गोष्टीचा दुरुपयोग करतील, म्हणून काय गोष्ट वाईट? चाकूने खून होतो म्हणून भाजी चिरायची नाही का.

घाटउतार

पण चाकू "मी चिरतो तू टीव्ही बघ" असं सांगून विकत नाहीत ना. जाहिरात बघा, माणूस हात सोडून मागे वळून पोरांशी हसतोय. आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ड्रायव्हरने कायम सावध राहावे.

मिशिगनचा_मामा

इकडून थोडी भर घालतो, मी डेट्रॉइटजवळ राहतो आणि याच धंद्यात आहे त्यामुळे कंपनीचं नाव न घेता जे पेपरात आलंय तेवढंच लिहितो.

घाटउतार म्हणतायत तो मुद्दा इथे सरकारनेच मांडला होता. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल काढावा लागला, म्हणजे विकलेल्या गाड्यांतला दोष दुरुस्त करून द्यावा लागला, कारण ऑटोपायलट (गाडी बरंचसं स्वतः चालवते ती सोय) लावल्यावर ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर आहे ना हे बघायची सोय पुरेशी नव्हती. नाव ऑटोपायलट आणि अट अशी की सतत लक्ष ठेवा. माणसाचा मेंदू असा चालत नाही, ज्याला तासभर काही करायचं नाही त्याला अचानक अर्ध्या सेकंदात सगळं करायला सांगितलं तर तो गडबडणारच.

दुसरं, ज्याबद्दल इथे अजून कोणी लिहिलं नाही ते म्हणजे कनेक्टेड कार. ॲपवरून एसी चालू करायला मजा येते पण त्या गाडीत सिमकार्ड आहे, म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरात सोफ्यावर बसून हायवेवर चालू असलेल्या जीप चेरोकीचे वायपर, रेडिओ आणि शेवटी इंजिनची ताकदच बंद करून दाखवली होती, आत बसलेल्या पत्रकाराला आधी सांगून. त्यावरून १४ लाख गाड्या परत बोलावल्या आणि लोकांना सॉफ्टवेअर दुरुस्त करायला पोस्टाने पेन ड्राइव्ह पाठवले. तेव्हापासून सुरक्षा बरीच सुधारली पण गाडीतलं सॉफ्टवेअरही कितीतरी पट वाढलंय.

आणि चोर-हॅकर सोडा, डेटा तर कंपनी राजरोस विकते. २०२४ मध्ये उघड झालं की जनरल मोटर्सच्या गाड्या तुम्ही कधी कचकन ब्रेक मारला, कधी जोरात पळवली हे नोंदवून डेटा कंपन्यांना देत होत्या आणि तिथून ते इन्शुरन्सवाल्यांकडे जात होतं. लोकांचा प्रीमियम वाढला तेव्हा त्यांना कळलं की आपली गाडीच आपली चुगली करतेय. २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (इथली ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) त्यावर कारवाई केली. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले, प्रायव्हसीत एकही पास झाला नाही. भारतात तुम्ही डिलिव्हरी घेताना ॲपवर जे 'मान्य आहे' दाबता ते एकदा वाचा, किंवा निदान लोकेशन शेअरिंग बंद करता येतं का बघा. बहुतेक लोक तर चावी घेतानाच्या फोटोच्या गडबडीत तो फोन सेल्सवाल्याच्याच हातात देतात, तोच सगळं दाबून मोकळा होतो.

कोपरखळी

मामा, माझी गाडी माझी चुगली करायला लागली तर पहिलं बायकोकडे करेल, इन्शुरन्सचं नंतर बघू.

शेवटचा_थांबा

अवांतर पण लगेच आठवलं म्हणून. आपल्याकडचं सगळ्यात लोकप्रिय गॅजेट कुठलं होतं माहितीये? सीट बेल्टच्या खाचेत घालायचं शंभर-दीडशे रुपयांचं क्लिप, बेल्ट न लावता अलार्म बंद. काहींना तर वर बाटली उघडायची सोय! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, महागडी गाडी, एअरबॅग सगळं, पण मागे बसलेल्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर हा विषय निघाला आणि मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ही क्लिपं विकायची बंद करायला लावली. १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. २०२२ सालचा सरकारी आकडा आहे, बेल्ट न लावल्यामुळे वर्षात १६,७१५ मृत्यू. म्हणजे जी गोष्ट गाडीत फुकट येते ती बंद पाडायला आपण पैसे देतो, आणि इथे चर्चा चालू आहे रडारची.

देवरुखी

नॅव्हिगेशन राहिलंच की. मोठी स्क्रीन घेतात ती मॅप बघायला. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या लोकांना अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मॅपने नेमकं पाण्याखाली गेलेल्या पुलावर नेलं. पूल धरणाच्या पाण्यात बुडालेला हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. गाडी बुडाली आणि एक जण गेला. आमच्याकडे कोकणात तर पावसाळ्यात मॅप जवळचा रस्ता म्हणून जो दाखवतो तो पाखाडीचा निघतो, पुढे पायऱ्या. पुणे-मुंबईची माणसं पंधरा मिनिटं वाचवायला शिरतात आणि मग रिव्हर्स घेताना थ्री सिक्स्टी कॅमेऱ्यावर चिखल. तेव्हा उपयोगी पडतो तो बाहेर उतरून "या या, थांबा, अजून या" करणारा माणूस.

तिखटजाळ

बाहेरून लावायच्या गॅजेटबद्दल पण लिहा कोणीतरी. नवऱ्याने ऑनलाईन ते मायलेज वाढवणारं डबडं मागवलंय, स्टिअरिंगखाली खोचायचं.

ग्रीसचेहात

ताई, काढून फेका. मी एक उघडून पाहिलं होतं, आत एक बारकं सर्किट आणि दोन-तीन एलईडी, लुकलुकतात तेवढंच. गाडीच्या डेटा लाईनला कुठली तार जोडलेलीच नाही! अमेरिकन सरकारने असली शंभरावर यंत्रं तपासली, मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक एकाचाही नाही. टायरमधली हवा वेळेवर तपासा, पेट्रोल त्यानेच वाचेल. आणि टायरमध्ये नायट्रोजन भरायच्या नादी पण लागू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे.

बाहेरून लावायचं असेल तर एक डॅशकॅम (पुढच्या काचेवरून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) लावा, त्याला माझा पाठिंबा आहे. फक्त आत बॅटरी असलेला नको, कपॅसिटरवाला घ्या, उन्हात बंद गाडीत काचेला चिकटलेली बॅटरी फुगते. आणि वायर लावताना हेडलाईटच्या वायरिंगला दात मारू नका, फ्यूज बॉक्समधून अडॅप्टर टाकून घ्या. मूळ वायरिंग कापलं की वॉरंटीवाले हात वर करतात.

घाटउतार

डॅशकॅमला +१. अपघातानंतर चूक कोणाची हे गर्दी ठरवते आणि गर्दीच्या मते चूक नेहमी मोठ्या गाडीची. फक्त रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मूळ कार्ड जपून ठेवा, नुसतं व्हॉट्सॲपवर फिरवून पुसू नका.

बिनक्लचचा

भरपूर माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. ऐरोलीचा, तुमचा ब्रेकचा अनुभव मी हलका घेत नाहीये, आपोआप ब्रेक लागणारं तेवढं एकच वेगळं मिळत असतं तर पैसे दिले असते. पण ते हवं तर सोबत सनरूफ, अँबियंट लाईट, बोलणारी बाई सगळं गळ्यात मारतात. जीव वाचवणारी वस्तू सगळ्यात महाग व्हेरियंटमध्ये आणि मिरवायच्या वस्तूंच्या पुडक्यात बांधून विकायची, हा मला खरा राग आहे. मधलं व्हेरियंट घेतोय, एसीच्या गोल नॉबसकट. वाचलेल्या पैशांत चाइल्ड सीट, डॅशकॅम आणि चांगले टायर.

एक शेवटचा प्रश्न ग्रीसभाऊंना. या गाडीत टीपीएमएस आहे, टायरची हवा स्क्रीनवर दिसते, ते बरं वाटलं. पण डिकीत स्टेपनीच नाहीये! सेल्सवाला म्हणाला आता लागत नाही सर, पंक्चर किट दिलंय. थापा मारतोय का?

ग्रीसचेहात

थाप नाही. २०२० मध्ये नियमच बदलला, ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. टीपीएमएस चांगलंच आहे, हळू हळू हवा जात असेल तर आधी कळतं. पण ते किट म्हणजे खिळ्याच्या भोकात सोडायचं रसायन आणि एक छोटा पंप. तुम्ही गणपतीला कोकणात जाणार, तिथे टायर मरतो तो खड्ड्याच्या धारेवर बाजूने फाटून, त्याला ते रसायन काही करत नाही. स्क्रीनवर आकडा शून्य दिसेल एवढंच. पार्ट्सवाल्याकडून त्याच मापाची रिम आणि टायर वेगळा घ्या, जॅक आणि पाना पण बघा, काही गाड्यांत तोही देत नाहीत. डिकीतली जागा जाईल त्याला इलाज नाही. बुकिंगच्या आधी हे बोला, डिस्काउंटच्या ऐवजी स्टेपनी मागा, महिनाअखेरीला देतात.